शिडं उतरवल्यानंतर: लांबच्या फिरतीसाठी मोटारबोट कशी निवडावी

शिडाच्या बोटीवर वर्षानुवर्षं काढलेली माणसं मोटारबोट शोधायला लागली की पहिला प्रश्न विचारतात, "किती फुटी घेऊ?" मग एक इंजिन की दोन, मग कोणत्या कंपनीची. जायचं कुठे, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. मी तो सगळ्यात आधी विचारायला सांगेन, कारण बाकीच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्यातूनच मिळतात.

आमचं पाणी सांगते, म्हणजे पुढचं सगळं कुठून आलंय ते कळेल. आम्ही नवरा-बायको अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, अ‍ॅनाकोर्टिस या बंदराच्या गावी राहतो. इथून ब्रिटिश कोलंबियाच्या बेटांमधून थेट अलास्कात स्कॅगवेपर्यंत बेटांच्या आडोशाने जाणारा साधारण हजार सागरी मैलांचा रस्ता आहे, इनसाइड पॅसेज. बरीच वर्षं हा रस्ता आम्ही शिडाच्या बोटीतून केला. पण उन्हाळ्यात इथे वारा एकतर नसतो, नाहीतर नेमका नाकासमोर असतो. याच रस्त्यावरच्या जॉन्स्टन स्ट्रेट या सामुद्रधुनीत दुपारी वायव्येचा वारा सुटला की उत्तरेला निघालेल्याने शीड गुंडाळून इंजिनच लावायचं. म्हणजे शिडाच्या बोटीत बसूनही आमचे बहुतेक तास डिझेलवरच जायचे, तेही पावसात, उघड्या कॉकपिटमध्ये, थंडीने बोटं आखडलेली. गुडघे आणि खांदे कुरकुरायला लागल्यावर आम्ही मोटारबोटीचा विचार गंभीरपणे सुरू केला.

या पाण्यासाठी किती डिझेल लागतं बघा. नानाइमो, कॅम्पबेल रिव्हर, पोर्ट मॅकनील, पोर्ट हार्डी, बेला बेलाजवळचं शिअरवॉटर, प्रिन्स रूपर्ट, केचिकान अशी डिझेल देणारी ठिकाणं रस्ताभर आहेत. दोन ठिकाणांमधलं अंतर दोनशे मैलांच्या आतच राहतं. इथे तीन हजार मैल जाणारी टाकी घेऊन फिरण्यात अर्थ नाही. जुनं डिझेल टाकीत पडून राहतं, त्यात पाणी धरतं, तळाशी शेवाळासारखा काळा गाळ बसतो. याउलट सॅन फ्रान्सिस्कोहून हवाईला जायचं असेल तर मध्ये सुमारे २,१०० मैल एक थेंबही मिळत नाही. ती बोट वेगळी, तिची किंमत वेगळी आणि तिच्यावरचं आयुष्यही वेगळं.

महासागर ओलांडणाऱ्या छोट्या मोटारबोटींची कल्पना शिडवाल्यांना परकी वाटायचं कारण नाही. अमेरिकी नौदलातले कॅप्टन रॉबर्ट बीबी स्वतः शिडाचेच माणूस. त्यांनी आपली ५० फुटी 'पॅसेजमेकर' १९६३ मध्ये सिंगापुरात बांधून घेतली. उतारवयात दोघातिघांना झेपेल, हळू जाईल पण लांब जाईल, अशी बोट त्यांना हवी होती. त्याच विचारावर पुढे नॉर्डहॅवनसारख्या बोटी उभ्या राहिल्या. २००४ मध्ये अशा १८ बोटी मिळून फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलहून बर्म्यूडा आणि अझोर्समार्गे जिब्राल्टरला गेल्या. तेव्हा हे होतं की नाही, हा प्रश्न केव्हाच सुटलाय. तुम्हाला ते करायचंय का, एवढंच बघायचं. मनापासून 'हो' आलं तर महासागराची बोट बघा. 'कधीतरी, जमलं तर' असं उत्तर आलं तर किनाऱ्याची चांगली बोट घ्या. त्या 'कधीतरी'साठी लोक दुप्पट पैसे मोजतात आणि बोट धक्क्यालाच उभी राहते.

वेगाचा मोह

मोटारबोटींचे तीन ढोबळ प्रकार. पाणी बाजूला सारत संथ जाणारी, म्हणजे डिस्प्लेसमेंट. जोर लावला की पाण्यावर उचलली जाऊन सरपटणारी, म्हणजे प्लेनिंग. आणि मधली, सेमी-डिस्प्लेसमेंट, जी दोन्ही थोडं थोडं करते. शिडवाल्यांना पहिला प्रकार अंगवळणी पडलेला असतो, कारण आपली शिडाची बोटही तशीच. तिचं गणितही तेच. पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला १.३४ ने गुणा. ३६ फूट रेषा असेल तर सहा गुणिले १.३४, म्हणजे साधारण ८ नॉट (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल). बोट याच्यापुढे जायला लागली की स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला लागते, आणि तिथून प्रत्येक पाव नॉटासाठी डिझेल ओतावं लागतं.

आता खर्चाचं बघा. डिझेल इंजिन तासाला एक लिटर जाळून साधारण ५ अश्वशक्ती देतं. पंधरा टनांच्या डिस्प्लेसमेंट बोटीला ७ नॉटसाठी ४० अश्वशक्तीच्या आसपास पुरतात. म्हणजे तासाला ८ लिटर, मैलाला सव्वा लिटरच्याही आत. हजार मैलांना अकराशे-बाराशे लिटर. तीच बोट ८ नॉटला रेटली तर तासाचं डिझेल जवळपास दुप्पट होतं. आणि त्याच मापाची वेगवान बोट १५ नॉटला पळवली तर मैलाला पाच-सहा लिटर सहज जातात, म्हणजे त्याच हजार मैलांना पाच-सहा हजार लिटर.

"पण प्रवाह आडवा आला तर वेग लागतोच ना?" हा प्रश्न मला नेहमी येतो. कॅम्पबेल रिव्हरच्या वर सेमूर नॅरोज नावाची खिंड आहे. तिच्या मधोमध रिपल रॉक नावाचा खडक होता. कित्येक जहाजं त्यावर फुटली. शेवटी ५ एप्रिल १९५८ ला पाण्याखालून बोगदे खणून तो सुरुंगाने उडवला. खडक गेला, पण पाणी आजही तिथे उधाणाला १५ नॉटपर्यंत धावतं. १५ नॉटच्या पाण्यात ७ नॉटच्या बोटीने जायचं नाही आणि १२ नॉटच्या बोटीनेही जायचं नाही. दोघींनीही भरती-ओहोटीचं कोष्टक काढून, पाणी थांबतं त्या थोड्या मिनिटांची वाट बघायची. जलद बोट खिंडीशी लवकर पोचते आणि तिथे नांगर टाकून जास्त वेळ बसते, एवढाच फरक. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात न ढकलणाऱ्या लोकांमध्ये मी वाढले, रत्नागिरीला. थांबणं हा दर्यावर्दी माणसाच्या कामाचाच भाग आहे, हे मला कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही, आणि शिडवाल्यांनाही लागू नये.

सेमी-डिस्प्लेसमेंट बोट घेऊन ती हळूच चालवायची, असंही बरेच जण करतात. ग्रँड बँक्सचं ३६ आणि ४२ फुटी मॉडेल किंवा इथे आमच्याच स्कॅगिट काउंटीत बांधल्या जाणाऱ्या नॉर्डिक टग या त्याच जातीतल्या, आणि इनसाइड पॅसेजला त्या खऱ्या अर्थाने शोभतात. फक्त त्यात मोठं इंजिन असेल आणि तुम्ही ते कायम मुंगीच्या पावलाने चालवणार असाल, तर एक पथ्य पाळा. डिझेल इंजिनाला थंडपणे तासन्‌तास रेंगाळत ठेवलं की आत काजळी धरते. रोज मुक्कामाला पोचण्याआधी दहा-पंधरा मिनिटं त्याला चांगला जोर द्यायचा, तापमान वर येऊ द्यायचं, मग हळू करायचं.

आधी फरशी उघडा

दलाल तुम्हाला आधी दिवाणखाना दाखवेल. सागवानी कपाटं, एल आकाराचा सोफा, मोठा फ्रीज. वर्षानुवर्षं अरुंद केबिनमध्ये वाकून वावरलेल्या माणसाला ते सगळं बघून भूल पडते. तिथे बसू नका. "इंजिन रूम आधी बघू या," म्हणा, आणि फरशीचं झाकण स्वतःच्या हाताने उचला. बोट घ्यायची की नाही याचा निम्माअधिक निकाल त्या झाकणाखाली असतो.

शिडाच्या बोटीत इंजिन बंद पडलं तर शीड असतं. माझ्या मते या बदलात हीच एक गोष्ट खरोखर गमावली जाते, आणि बोट निवडताना तिची भरपाई करायची असते. ती भरपाई इंजिनाभोवतीच्या जागेने होते. इंजिनाच्या चारही बाजूंना तुमचा हात पोचतो का? गुडघे टेकून बसता येतं का? पाण्याचा पंप सुटा करायचा झाला तर आधी काय काय काढावं लागतं? डिझेलचे फिल्टर बोट हलत असताना, गरम इंजिनाला न टेकता बदलता येतील का? ज्या ठिकाणी हात पोचत नाही त्या ठिकाणची देखभाल आधीच्या मालकानेही केलेली नसते, असं धरून चाला.

माझ्या पिशवीत तपासणीसाठी टॉर्च, छोटा आरसा आणि पांढरा किचन पेपर असतो. पेपरचा तुकडा गिअरबॉक्सखाली, पाण्याच्या पंपाखाली आणि शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे ठेवायचा आणि मग बाकीचं बघायचं. शेवटी तो पेपर उचलला की तेल, गंजाचं पाणी, शीतकाचा हिरवा डाग, जे असेल ते दिसतं. पट्ट्यांजवळ काळी भुकटी पडलीय का बघा. पट्टा घासतोय किंवा कप्पी सरळ रेषेत नाही, असा त्याचा अर्थ. नळ्यांवरच्या क्लॅम्पांना खालच्या बाजूने आरसा लावा, गंज नेहमी खालूनच सुरू होतो. समुद्राचं पाणी आत घेणारे कॉक, म्हणजे बोटीच्या तळातल्या तोट्या, हाताने फिरवून बघा. फिरत नसतील तर तो कॉक नसून भोक आहे असं समजा.

इंजिन बघायला जाण्याआधी मालकाला निरोप द्या की ते आधी चालू करून ठेवू नका. पोचल्यावर पहिल्यांदा तळहात इंजिनावर ठेवा. गार लागलं पाहिजे. कोमट लागलं तर काहीतरी लपवायचं असू शकतं, कारण थंडीत कष्टाने सुरू होणारं इंजिन गरम असताना एका फटक्यात सुरू होतं. सुरू झाल्यावर धुराकडे लक्ष द्या. थोडा पांढरा धूर येऊन काही मिनिटांत निवळला तर ठीक. निळा राहिला तर इंजिन तेल जाळतंय. जोर दिल्यावर काळा आला तर इंजिनावर भार जास्त आहे किंवा त्याला हवा कमी पडतेय. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातले तांडेल धक्क्यावर उभ्या उभ्या, नुसत्या आवाजावरून कुणाचं इंजिन आहे आणि त्याला काय झालंय ते सांगायचे. तितका कान आपल्याला नसला तरी ऐकायची सवय लावता येते.

सी ट्रायलला, म्हणजे समुद्रातल्या चाचणीला, किमान दोन तास बाहेर रहा, आणि त्यात काही मिनिटं थ्रॉटल पूर्ण उघडून ठेवा. इंजिनाच्या पाटीवर लिहिलेले फेरे त्याने गाठले पाहिजेत आणि तापमान एका जागी टिकलं पाहिजे. फेरे गाठत नसेल तर पंखा (प्रॉपेलर) जास्त पीचचा, म्हणजे त्याची पाती गरजेपेक्षा जास्त तिरकी आहेत, तळ घाण आहे, नाहीतर इंजिन थकलंय. तापमान चढत राहिलं तर बहुधा शीतकरणात गाळ आहे. बहुतेक मालक या चाचणीला नाखूश असतात. त्यासाठीच ती करायची.

डिझेलच्या टाक्या हा दुसरा मोठा विषय. १९७०-८० च्या दशकांत आशियात बांधलेल्या पुष्कळ ट्रॉलरमध्ये, म्हणजे मच्छीमार ट्रॉलरच्या घाटाच्या संथ राहत्या मोटारबोटींमध्ये, साध्या पोलादाच्या टाक्या बसवल्या होत्या. डेकवरच्या भरणीच्या तोंडाभोवतीचं पाणी झिरपून टाकीच्या माथ्यावर साचतं आणि ती वरून गंजते. टाकी बदलायची तर बऱ्याचदा इंजिन बाहेर काढावं लागतं, आणि तो खर्च बोटीच्या किमतीच्या हिशेबात दिसेल इतका मोठा असतो. टाकीच्या कोपऱ्यांवर टॉर्च मारा, गंजाचे ओघळ शोधा. टाक्या आधीच बदललेल्या असतील तर त्या बोटीला थोडे जास्त पैसे द्यायला मी आनंदाने तयार होईन.

एक इंजिन की दोन? आमच्या पाण्यात माझं मत स्पष्ट आहे: एक. इथे लाकूडतोडीचे ओंडके तरंगत असतात, काही तर उभे, फक्त टोक वर. एका इंजिनाच्या बहुतेक बोटींत पंखा कीलच्या, म्हणजे तळाच्या मधल्या कण्याच्या, मागे झाकलेला असतो आणि खाली धातूची टाच त्याचं रक्षण करते. दोन इंजिनांच्या बहुतेक बोटींमध्ये दोन्ही पंखे उघडे लटकतात. शिवाय सगळं दुप्पट: तेल, फिल्टर, पंप, खर्च. आणि त्याच जागेत दोन इंजिनं कोंबली की बाहेरच्या बाजूंना हात जात नाही, म्हणजे आपण जिथून सुरुवात केली तोच मुद्दा. दोन इंजिनांची बोट धक्क्याला लावायला सोपी असते हे खरं, पण एका इंजिनाला बो थ्रस्टर, म्हणजे नाळ बाजूला ढकलणारा छोटा पंखा, जोडला की तेही काम भागतं.

एकच इंजिन असेल तर ते बंद का पडतं हे समजून घ्या. बहुतेक वेळा कारण डिझेलमधली घाण असतं. लाटांनी टाकी घुसळली जाते, तळाचा गाळ वर येतो, फिल्टर तुंबतो, आणि हे नेमकं वाईट पाण्यातच होतं. म्हणून जोडफिल्टर हवेत, मध्ये कळ असलेले. एक तुंबला की कळ फिरवून दुसऱ्यावर जायचं, इंजिन बंद न करता. वर व्हॅक्युमचा काटा असला तर फिल्टर तुंबायला लागल्याचं आधीच कळतं. पंपाचे इंपेलर (आतली रबरी चक्रं), पट्टे, फिल्टर, एक अख्खा पाण्याचा पंप आणि एक स्टार्टर जवळ ठेवा. आणखी एक गोष्ट इथल्या फिओर्डांसाठी, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खोल, अरुंद खाड्यांसाठी: कडा सरळ पाण्यात उतरतो, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर दोनशे मीटर खोली असते, नांगर टाकून थांबायची सोयच नसते. अशा वेळी आऊटबोर्ड (मागे टांगायचं छोटं इंजिन) लावलेली डिंगी, म्हणजे सोबतची छोटी होडी, बोटीच्या कुशीला घट्ट बांधली तर शांत पाण्यात पंधरा टनांची बोटही दोन-तीन नॉटने ढकलता येते. घेतल्यानंतर पहिल्याच महिन्यात हे एकदा करून बघा.

डोलणं

शीड नसलेली बोट किती डोलते, याची शिडवाल्यांना कल्पनाच नसते. आपण वारा धरून एका अंगावर कललेल्या बोटीत राहिलो. शिडातला वारा तिला दाबून धरतो आणि उंच डोलकाठी डोलण्याचा वेग मंदावते. मोटारबोटीत हे दोन्ही जातं. आडवी लाट आली की ती आधी एका बाजूला झोपते, मग दुसऱ्या, आणि कपाटातली भांडी जमिनीवर.

ट्रायलच्या दिवशी हे मोजता येतं. बोट लाटेला आडवी करून थांबवा आणि एका बाजूपासून परत त्याच बाजूला यायला किती सेकंद लागतात ते मोजा. हे सेकंद बोटीच्या मीटरमधल्या रुंदीइतके किंवा किंचित जास्त असले तर बरं. रुंदी साडेचार मीटर असेल तर साडेचार ते पाच सेकंद. त्याहून बरेच कमी असतील तर बोट ताठर आहे, झटके देते, माणसं फेकते. बरेच जास्त असतील तर ती आळसावून कलते आणि परत यायला उशीर लावते. त्यात सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

डोलणं कमी करणाऱ्या साधनांना स्टॅबिलायझर म्हणतात, आणि ते तीन प्रकारचे. पॅराव्हेन म्हणजे दोन्ही बाजूंना बाहेर काढलेल्या काठ्या आणि त्यांच्या टोकांवरून पाण्यात खोल सोडलेले धातूचे 'मासे'. वीज लागत नाही, बिघडायला फारसं काही नाही, पण अर्धा ते एक नॉट वेग खातात आणि काठ्या काढा-घाला कराव्या लागतात. दोऱ्या-कप्प्यांत आयुष्य गेलेल्या शिडवाल्यांना हे काम सहज जमतं, मासेमारीच्या बोटी ते अनेक वर्षं करत आल्या आहेत. दुसरा इलाज हायड्रॉलिक फिन, म्हणजे तळाला दोन्ही बाजूंना बसवलेले, यंत्राने हलणारे पंख. बटण दाबलं की काम सुरू, पण महाग, आणि ओंडक्यांच्या पाण्यात पोटाखाली बाहेर आलेला आणखी एक नाजूक भाग. तिसरा जायरो, म्हणजे बोटीच्या आत वेगाने फिरणारं जड चाक, जे नांगरावरही चालतं, पण त्याला वीज लागते, म्हणजे जनरेटरची घरघर.

पैसे मोजण्याआधी परत आपल्या पाण्याकडे या. इनसाइड पॅसेजमध्ये खुल्या महासागराची लाट लागते ती मुख्यतः दोन ठिकाणी: केप कॉशनला वळसा घालताना क्वीन शार्लट साउंडमध्ये आणि अलास्काच्या सीमेवर डिक्सन एन्ट्रन्समध्ये. पोर्ट हार्डीहून निघून केप कॉशन ओलांडून पुन्हा आडोशाला शिरेपर्यंत ४० मैलांच्या आसपास, म्हणजे ७ नॉटने सहा तास. हवामानाचा अंदाज बघून दोन-तीन दिवस थांबलात तर ते सहा तास स्टॅबिलायझरशिवाय निभावतात. पण वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य टोकावरच्या केप फ्लॅटरीहून दक्षिणेला कॅलिफोर्निया, मेक्सिकोकडे जायचा बेत असेल तर दिवसेंदिवस महासागराची लाट अंगावर घ्यावी लागते. तिथे स्टॅबिलायझर नसलेली बोट घेऊ नका.

डोलण्याच्याच जोडीने उंची आणि काचा बघा. वर दोन मजले चढवलेली बोट धक्क्याला छान दिसते, पण ती सगळी उंची वाऱ्याला अंग देते आणि वजन वर नेते. बीबींनी यासाठी साधी कसोटी दिली होती: बाजूने बघताना पाण्यावरचा भाग पाण्याखालच्या भागाच्या किती पट आहे. आकडा लहान तितकी ती खुल्या समुद्राला लायक. युरोपीय दर्जाच्या पाटीवर अ, ब, क हे वर्गही त्यासाठीच असतात. 'ब' म्हणजे आठ बोफोर्टपर्यंतचा वारा (बोफोर्ट हे वाऱ्याच्या जोराचं माप) आणि चार मीटरपर्यंतच्या लाटा, 'क' म्हणजे सहा बोफोर्ट आणि दोन मीटर. अमेरिकेतल्या जुन्या बोटींवर ही पाटी बहुधा नसते, तिथे स्वतःच्या डोळ्यांनी ठरवावं लागतं. मोठ्या घरगुती सरकत्या काचा असतील तर त्या बोटीतून मी केप कॉशन ओलांडणार नाही.

राहायची जागा

बंद, गरम पायलटहाउस हे या बदलाचं सगळ्यात मोठं सुख. वायपर चांगले हवेत, काचेवर बाष्प धरू नये म्हणून गरम हवा हवी, आणि बसलेल्या जागेवरून नाळेसमोरचं पाणी दिसायला हवं, कारण ओंडके तिथेच असतात. त्यासाठीच इथे आम्ही रात्री चालत नाही. सुकाणूपासून थेट बाजूच्या डेकवर उघडणारं दार असेल तर धक्क्याला लागताना एकटं माणूसही दोर टाकू शकतं.

अलास्काच्या पावसात डिझेलवर चालणारा हीटर ही चैन नव्हे. तो नसेल तर गादीखाली बुरशी येते, मसाल्याच्या डब्यातलं तिखट ढेकळं धरतं. हीटर कोणताही असो, त्याची हवा झोपायच्या खोलीपर्यंत आणि गाद्यांच्या खालपर्यंत पोचते का ते बघा.

स्वयंपाकघर वरच्या पातळीवर, सुकाणूजवळ असावं असं मला वाटतं. चालू बोटीत खाली जाऊन कांदा चिरणं पोटाला मानवत नाही. शिडाच्या बोटीसारखी झुलती शेगडी इथे नसते, म्हणून भांडं धरून ठेवणारे आकडे शेगडीवर हवेतच, आणि कुकर त्यात बसतो का हे तिथेच मोजून बघा. मागच्या डेकवर सापळे ओढायला छोटं यंत्र बसवता येईल अशी मजबूत जागा असली तर फार चांगलं. इथली स्पॉट प्रॉन जातीची कोळंबी शंभर मीटरच्या आसपास खोलीवर मिळते, परवाना काढून सापळा टाकता येतो, पण तेवढा दोर हाताने ओढणं खांद्याचा जीव काढतं. तो सापळा वर आला, गुलाबी-केशरी कोळंबी डेकवर उड्या मारायला लागली, आणि रत्नागिरीहून आणलेली आमसुलं घालून तिचं कालवण झालं, की त्या जागेचं मोल कळतं.

लांबी दोन माणसांसाठी ३६ ते ४२ फूट पुरे. शिडाच्या ३६ फुटी बोटीचं वजन सात-आठ टन असतं. उदाहरणार्थ, क्रोगेन ४२ ही संपूर्ण डिस्प्लेसमेंट बोट जवळजवळ १८ टनांची. वारा वाढल्यावर ते वजन धक्क्यापासून हाताने दूर ढकलता येत नाही. मरीनाचं भाडंही फुटावर असतं.

पैसे देण्याआधी

पहिलं, भाड्याने घ्या. अ‍ॅनाकोर्टिस आणि बेलिंगहॅमला अशा बोटी आठवड्याने मिळतात. जुलैत घेऊ नका, ऑक्टोबरमध्ये घ्या. पावसात, वाऱ्यात, लवकर अंधारात काय गैरसोय होते ते तेव्हाच कळतं. आणि शिडाच्या बोटीसारखी ती पाण्यात पकडून वळत नाही, वाऱ्यावर बाजूला घसरते, हेही हाताला समजतं.

दुसरं, तपासनीस दोन नेमा. एक हलसाठी (बोटीच्या सांगाड्यासाठी), एक इंजिनासाठी. दोघांचेही पैसे तुम्ही द्या आणि दोघांनाही दलालाच्या शिफारशीवरून निवडू नका. बोट पाण्याबाहेर काढली जाईल तेव्हा स्वतः हजर रहा. डेक स्क्रूंनी ठोकलेल्या सागवानाचं असेल तर तिथे शेकडो भोकं आहेत हे लक्षात ठेवा. प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकत पुढे सरका. टणक, कोरडा आवाज आला तर आतलं लाकूड ठीक आहे. आवाज मेल्यासारखा बसका झाला की तिथे पाणी शिरलंय. त्या जागेवर खडूने खूण करा, आणि खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांभोवतीही तसंच करा. शेवटी खडूच्या खुणा किती आणि कुठे आहेत ते बघूनच किमतीचं बोला.

तिसरं, इंजिनाच्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. एका नमुन्यातून सगळं कळत नाही, पण तेलात समुद्राचं पाणी किंवा शीतक उतरतंय का ते नक्की कळतं. मालकाकडे दरवर्षीचे अहवाल आणि दुरुस्तीची वही असेल तर त्या वहीला मी नव्या सोफ्यापेक्षा जास्त किंमत देईन.

कोकण किनाऱ्यावर फिरण्यासाठी बोट बघणाऱ्यांनी यातला थंडीचा भाग सोडून द्यावा आणि दोन गोष्टी वाढवाव्यात. खाड्यांच्या तोंडांवर वाळूचे दांडे असतात, म्हणून खोली कमी लागणारी बोट हवी. आणि सगळीकडे मासेमारीची जाळी असतात, म्हणून पंखा कीलमागे झाकलेला आणि शाफ्टवर दोर कापणारी पाती बसवलेली असावी.

बोट ताब्यात आली की पहिल्या आठवड्यात सगळे इंपेलर, सगळे पट्टे आणि सगळे फिल्टर बदला, आधीच्या मालकाने मागच्या महिन्यात बदलले असले तरी. त्यातून प्रत्येक बोल्टपर्यंत हात कसा जातो ते कळतं. काढलेले चांगले सुटे भाग पिशवीत घालून, तारीख लिहून, बोटीवरच ठेवा. पहिला मोसम घराजवळ काढा, सान जुआन बेटांत किंवा डेझोलेशन साउंडपर्यंत, आणि प्रत्येक वेळी किती तास चालली, किती लिटर गेले ते लिहून ठेवा. उत्तरेचा बेत त्या वहीतल्या आकड्यांवरून आखा, विक्रेत्याच्या कागदावरच्या नव्हे.